इंजिनाची खडखड : आधी ‘केव्हा’, मग ‘कोठून’

गाडीच्या इंजिनातून खडखड येऊ लागली की आपण बोनेट उघडतो, वाकून कान लावतो आणि आवाज अमुक ठिकाणाहून येतो असे ठरवून टाकतो. हा अंदाज बहुधा चुकतो, कारण इंजिनाचा ब्लॉक (सिलिंडर असलेला मुख्य भाग), हेड (त्यावर बसणारा, व्हॉल्व्ह असलेला भाग), एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (सिलिंडरांतला धूर बाहेर नेणारा जोड-पाइप) आणि गिअरबॉक्स हे सारे धातूचे भाग एकमेकांना बोल्टने घट्ट आवळलेले असतात आणि एका टोकाला उठलेला ठोका दुसऱ्या टोकाला जवळजवळ तितक्याच स्पष्टपणे पोहोचतो. सायलेन्सरच्या पाइपवरचा सैल पत्रा वरून ऐकणाऱ्याला हेडमध्ये वाजत असल्यासारखा वाटतो आणि या भासापोटी धडधाकट हेडही उघडली जातात. म्हणून निदानाची सुरुवात आवाज कोठून येतो या प्रश्नाने न करता तो केव्हा येतो या प्रश्नाने करावी. इंजिन थंड असताना की गरम झाल्यावर, गाडी उभी असताना की चढावर, क्लच सोडलेला असताना की दाबल्यावर, एसी चालू असताना की बंद असताना, या प्रश्नांची नेमकी उत्तरे मिळाली की संशयित भागांची यादी दोन-तीन नावांवर येते, आणि तोपर्यंत एकही बोल्ट उघडावा लागत नाही.

दुसरे एक तत्त्व सुरुवातीलाच सांगतो. पुण्यात गतिरोधकांची उंची कोणत्याही मापात बसत नाही, रस्ते कोठे ना कोठे खोदलेले असतात आणि पावसाळ्यात गाडीचे पोट महिनोन् महिने ओले राहते. अशा शहरात इंजिनाभोवतीचे पत्रे, क्लिपा आणि क्लॅम्प हे इंजिनाच्या आतल्या भागांपेक्षा कितीतरी आधी सैल होतात. त्यामुळे बाहेरचे सारे भाग निर्दोष ठरल्याशिवाय आतल्या भागांवर संशय घेऊ नये.

तयारी

लागणारे साहित्य थोडके आहे : टॉर्च, जाड हातमोजे, सुमारे दीड-दोन फूट लांबीचा स्क्रू ड्रायव्हर, हातभर रबरी नळी, एक लाकडी दांडकी आणि आवाज टिपण्यासाठी मोबाईल. ब्लूटूथने मोबाईलला जोडता येणारा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातील दोषांचे कोड वाचणारे उपकरण) असेल तर फारच चांगले, पण तो अनिवार्य नाही.

चाचणी सोसायटीच्या तळघरातील पार्किंगमध्ये करू नये. तेथे एक्झॉस्टमधला कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो आणि तो जिवावर बेतू शकतो. शिवाय बंदिस्त जागेत आवाज भिंतींवर आपटून चहूबाजूंनी येत असल्याने निदानही फसते. गाडी मोकळ्या, सपाट जागेवर उभी करावी, हँडब्रेक ओढावा, गिअर न्यूट्रलमध्ये आणि ऑटोमॅटिक असल्यास ‘पार्क’मध्ये ठेवावा. सैल बाह्या, ओढणी, मफलर किंवा गळ्यातील साखळी घालून चालू इंजिनावर वाकू नये. रेडिएटरचा विजेवर चालणारा पंखा कोणतीही सूचना न देता सुरू होतो, हे विशेषतः लक्षात ठेवावे.

पहिले काम डिपस्टिक पाहण्याचे आहे. गरम इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटे थांबावे, डिपस्टिक काढून पुसावी, पुन्हा पूर्ण आत घालून बाहेर काढावी आणि ऑइलची पातळी दोन खुणांच्या दरम्यान आहे का ते पाहावे. बहुतेक लहान गाड्यांत या दोन खुणांमध्ये साधारण लिटरभर ऑइलचे अंतर असते, त्यामुळे पातळी खालच्या खुणेलाही स्पर्श करत नसेल तर किमान तेवढे ऑइल कमी आहे. अशा वेळी निदान बाजूला ठेवून गाडीच्या माहितीपुस्तिकेत दिलेल्या दर्जाचे ऑइल आधी भरावे आणि मग आवाज पुन्हा ऐकावा. टॅपेट (व्हॉल्व्ह दाबणारे भाग), टायमिंग चेनचा टेन्शनर (ती ताणून धरणारा भाग) आणि बेअरिंगे (फिरत्या दांड्यांचे आधार) या तिन्ही भागांचा आवाज ऑइलच्या दाबावर अवलंबून असतो, त्यामुळे पातळी बरोबर नसताना काढलेल्या निष्कर्षाला काही अर्थ नाही.

आवाजासोबत डॅशबोर्डवरचा तेलाच्या झारीचा लाल दिवा लागला तर गाडी सुरक्षित ठिकाणी बाजूला घेऊन इंजिन तत्काळ बंद करावे. हा दिवा ऑइलचा दाब पडल्याचे सांगतो. ‘आता घर जवळच आले आहे’ या विचाराने चालवलेले शेवटचे दोन किलोमीटर क्रँकशाफ्ट (पिस्टनच्या हालचालीने फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा) निकामी करायला पुरेसे असतात.

आवाजाची वेळ टिपणे

सर्वांत बोलकी वेळ सकाळच्या पहिल्या स्टार्टची असते. गाडी रात्रभर उभी राहिली पाहिजे, दुसऱ्या व्यक्तीला चावी फिरवायला सांगावे आणि आपण बोनेट उघडून मोबाईलवर ध्वनिमुद्रण सुरू करून उभे राहावे. डिसेंबर-जानेवारीत पुण्यातील पहाटेचे तापमान १० अंशांच्या आसपास उतरते, तेव्हा ऑइल दाट होते आणि हेडपर्यंत पोहोचायला त्याला अधिक वेळ लागतो. इतर ऋतूंत लपून राहणारे दोष या दिवसांत उघडे पडतात.

स्टार्ट होताच दोन-तीन सेकंद खरखरीत खडखड आली आणि मग अचानक थांबली, तर संशय टायमिंग चेनच्या (क्रँकशाफ्टला व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टशी जोडणाऱ्या साखळीच्या) टेन्शनरवर घ्यावा. हा टेन्शनर अनेक इंजिनांत ऑइलच्या दाबावर काम करतो, आणि रात्रभरात त्यातील ऑइल ओघळून गेले तर दाब तयार होईपर्यंत चेन आपल्या गाइडवर आपटते. मात्र हेच लक्षण निकृष्ट ऑइल फिल्टरमुळेही दिसते. फिल्टरच्या आत ऑइल मागे वाहून जाऊ नये यासाठी रबराची एक झडप असते, आणि स्वस्त किंवा बनावट फिल्टरमध्ये ती कडक झालेली असते किंवा नीट बसत नाही. चेन बदलण्याचा खर्च मोठा आहे आणि फिल्टरचा काहीशे रुपयांत भागतो, म्हणून आधी कंपनीचा खरा फिल्टर आणि योग्य दर्जाचे ऑइल घालून दोन-चार सकाळी पुन्हा ऐकणे शहाणपणाचे आहे.

खडखड किंवा टकटक थंड इंजिनावर सुरू होऊन पाच-दहा मिनिटांत हळूहळू विरत असेल, तर दोन शक्यता उरतात. एक, झिजलेल्या सिलिंडरमध्ये पिस्टन बाजूला आपटत असेल, जो गरम होऊन प्रसरण पावला की शांत होतो. दुसरी, एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे गास्केट गळत असेल. गळणारे गास्केट हुबेहूब टॅपेटसारखे टिकटिकते आणि धातू तापून सांधा आवळला गेला की गप्प होते. दोन्हींतला फरक ओळखण्यासाठी रबरी नळीचे एक टोक कानाजवळ धरून दुसरे टोक मॅनिफोल्डच्या सांध्यावरून फिरवावे. गळती असेल तर नळीतून ‘फस् फस्’ असा वाफेसारखा आवाज स्पष्ट येतो, आणि सांध्यापाशी काजळीचा काळा ओघळही बहुधा दिसतो.

याउलट थंड असताना शांत असलेले इंजिन गरम झाल्यावर ठोके देऊ लागले, तर ते सर्वांत गंभीर लक्षण मानावे. गरम ऑइल पातळ होते आणि झिजलेल्या बेअरिंगमधील वाढलेली फट त्याला भरून काढता येत नाही. या प्रकाराकडे पुढे सविस्तर येतो.

वेळेइतकाच आवाजाचा ठेकाही महत्त्वाचा आहे. इंजिन स्लोला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, ९०० आरपीएमवर (मिनिटाला ९०० फेऱ्यांवर) चालत असेल तर क्रँकशाफ्ट सेकंदाला १५ फेरे घेते, तर कॅमशाफ्ट तिच्या निम्म्या गतीने, म्हणजे सेकंदाला साडेसात फेरे घेते. एखादा व्हॉल्व्ह, एखादा इंजेक्टर किंवा एका सिलिंडरची एक्झॉस्ट गळती दर दोन फेऱ्यांतून एकदाच वाजते, तर पुली, फ्लायव्हील आणि क्रँकशाफ्टशी निगडित दोष बहुतांशी प्रत्येक फेऱ्याला वाजतात. इतक्या वेगाने येणारे ठोके कानाने मोजता येत नाहीत, परंतु मोबाईलवरचे मुद्रण पाव गतीने वाजवले तर सेकंदाला साधारण दोन ठोके की चार, हे सहज कळते. मुद्रण करताना मोबाईलमधील गोंगाट कमी करण्याची सोय बंद ठेवावी, नाहीतर तीच खडखड पुसून टाकते.

आणि आवाज इंजिनाच्या ठेक्यात बसतच नसेल, एका ठरावीक टप्प्यातच, उदाहरणार्थ १,८०० ते २,००० आरपीएमच्या दरम्यान, झणझणून वर आणि खाली नाहीसा होत असेल, तर जवळजवळ निश्चितपणे एखादा सैल पत्रा किंवा पाइप त्या कंपनाला थरथरतो आहे. पुण्यात निदानाची गाडी बहुतेक वेळा याच मुक्कामावर येऊन थांबते.

बाहेरचे संशयित

सर्वांत आधी हीट शील्ड तपासावी. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातील विषारी वायू कमी करणारा डबा) आणि सायलेन्सरच्या पाइपवर उष्णता रोखण्यासाठी पातळ पत्र्याचे आवरण असते. त्याचे बोल्ट गंजतात, बोल्टाभोवतीची छिद्रे मोठी होतात आणि पत्रा पाइपवर वाजू लागतो. इंजिन पूर्ण थंड असताना हातमोजा घालून हे पत्रे एकेक करून हलवावेत आणि सायलेन्सरवर मुठीने हलके ठोकून पाहावे. संशयित पत्रा सापडला की इंजिन सुरू करून, वरून हात पोहोचत असेल तेथे, लाकडी दांडकीने तो दाबून धरावा. दाबल्यावर आवाज थांबला की निदान संपले. गाडीखाली शिरायचे असेल तर केवळ जॅकवर विसंबून कधीही शिरू नये. गॅरेजमधील लिफ्ट किंवा खड्डा वापरावा. उपाय म्हणून स्टेनलेस स्टीलची मोठी होज क्लिप पत्र्याभोवती आवळली तरी पुष्कळ काळ भागते. नाना पेठेतील सुट्या भागांच्या दुकानांत ती सहज मिळते. काही मेस्त्री पत्राच कापून फेकून देतात. तसे करू देऊ नये, कारण त्याच्या आडोशाला इंधनाचे पाइप, वायरिंग आणि रबरी बुशिंगे असतात.

याच ओळीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर येतो. त्याच्या आत जाळीदार सिरॅमिकचा ठोकळा असतो. खालून जोराचा मार बसला किंवा इंजिनाच्या मिसिंगमुळे (एखाद्या सिलिंडरचे ज्वलन चुकल्यामुळे) न जळलेले पेट्रोल आत जाऊन तो अतोनात तापला की ठोकळा फुटतो आणि त्याचे तुकडे पितळी डब्यात सुपारीची खांडे हलवावीत तसे वाजतात. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ प्रदूषण निकषांच्या अनेक गाड्यांत हा कन्व्हर्टर मॅनिफोल्डला अगदी लागून बसवलेला असतो, म्हणून त्याचा आवाज इंजिनातलाच वाटतो. थंड कन्व्हर्टरवर रबरी हातोडीने टिचकी मारल्यासारखे ठोकावे. आतून खुळखुळ आली तर तो फुटला आहे. गाडीची ओढ कमी होणे आणि स्कॅनरवर पी-०४२० हा कोड दिसणे ही जोडीची लक्षणे होत. मिसिंगचे मूळ कारण दूर न करता नवा कन्व्हर्टर बसवला तर तोही त्याच वाटेने जातो.

इंजिनाखालचे प्लास्टिकचे आवरण, बॅटरीचा क्लॅम्प, एअर फिल्टरचा डबा आणि बोनेटची टेकण-सळई हे भाग हाताने हलवून लगेच तपासता येतात. खालच्या आवरणात उंदरांनी आणून टाकलेली हाडे, कवच्या आणि गोटेही पाहावेत. झाडाखाली किंवा ओढ्याकाठच्या सोसायटीत गाडी लावणाऱ्यांना हे सांगावे लागत नाही.

आता पट्ट्याची, म्हणजे अल्टरनेटर आणि एसीचा कॉम्प्रेसर फिरवणाऱ्या बाहेरच्या पट्ट्याची बाजू पाहू. एसी चालू-बंद करावा. आवाज एसीबरोबर येत-जात असेल तर कॉम्प्रेसर किंवा त्याचा क्लच दोषी आहे. तसा फरक पडत नसेल तर अल्टरनेटरची पुली, टेन्शनर आणि आयडलर (पट्ट्याला दिशा देणारी पुली) उरतात. येथे एक निर्णायक चाचणी आहे : थंड इंजिनावर बाहेरचा पट्टा उतरवावा आणि इंजिन जेमतेम अर्धा मिनिट चालवावे. आवाज गेला तर दोष पट्ट्यावर फिरणाऱ्या भागांत आहे, आणि पुल्या हाताने एकेक फिरवल्या की खरखरणारी किंवा डुलणारी पुली लगेच सापडते. या काळात चार्जिंगचा दिवा लागणारच, आणि ज्या इंजिनांत वॉटर पंपही याच पट्ट्यावर चालतो तेथे कूलंट फिरत नाही, म्हणून अर्ध्या मिनिटाची मर्यादा पाळावी. बाहेरचा पट्टा आणि टायमिंग बेल्ट (काही इंजिनांत टायमिंग चेनच्या जागी असणारा पट्टा) हे दोन वेगळे पट्टे आहेत. टायमिंग बेल्टला हात लावू नये. पट्टा उतरवण्याची सवय नसेल तर ही चाचणी मेस्त्रीकडून आपल्यासमोर करवून घ्यावी.

क्लचची चाचणी तर बसल्या जागी होते. गाडी न्यूट्रलमध्ये, इंजिन चालू, पाय क्लचवरून काढलेला असताना खडखड येते आणि क्लच दाबताच थांबते, तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचे बेअरिंग किंवा क्लच प्लेटच्या स्प्रिंगा पाहाव्यात. उलट क्लच दाबल्यावरच आवाज येत असेल तर रिलीज बेअरिंग (क्लच सोडवणारे बेअरिंग) गेले आहे. ड्युअल मास फ्लायव्हील (स्प्रिंगांनी जोडलेले दोन भागांचे जड चाक) असलेल्या डिझेल गाड्यांत इंजिन बंद होण्याच्या क्षणी जोराचा खडखडाट होणे हे त्या फ्लायव्हीलचे लक्षण आहे. गिअर टाकताना किंवा इंजिन बंद करताना सारी गाडी हादरून ‘धप्प’ आवाज येत असेल तर इंजिन माउंटिंग, ज्याला गॅरेजमध्ये ‘फाउंडेशन’ म्हणतात, ते तपासावे.

काही आवाज दोष नसतात, हेही माहीत असावे. इंजेक्टरांची एकसारखी बारीक टिकटिक, इंधन टाकीतील वाफा इंजिनाकडे सोडणाऱ्या झडपेची अधूनमधून येणारी टकटक, थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनांतील उच्चदाब पंपाचा आवाज आणि डिझेल इंजिनाची थंड असतानाची कडकड ही त्या त्या यंत्राची प्रकृती आहे. डिझेलचा आवाज नेहमीपेक्षा कर्कश झाला आणि सोबत धूर वाढला, तरच इंजेक्टर तपासून घ्यावेत.

चढावरची किणकिण

चढावर वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला असता इंजिनातून बारीक, धातूची किणकिण येते आणि पाय सैल करताच थांबते, तेव्हा कोणताही भाग सैल झालेला नसतो. स्पार्क प्लगने पेटवलेली ज्वाला पोहोचण्याआधीच सिलिंडरच्या कोपऱ्यातील मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपोआप भडकते, आणि त्या दाबलहरींचा आवाज आपल्याला ऐकू येतो. यालाच नॉकिंग किंवा पिंगिंग म्हणतात.

तपासण्यासाठी कात्रजचा जुना घाट किंवा सासवडकडे जाणारा दिवे घाट योग्य आहे; रहदारी नसेल अशी वेळ निवडावी आणि ऐकण्याचे काम शेजारी बसलेल्या व्यक्तीवर सोपवावे. एका टप्प्यावर तिसऱ्या गिअरमध्ये १,५०० आरपीएमच्या आसपास किणकिण आली, आणि त्याच चढावर दुसऱ्या गिअरमध्ये आरपीएम वाढवल्यावर ती थांबली, तर आधी आपली सवय तपासावी. मायलेज वाढवण्याच्या नादात वरच्या गिअरमध्ये इंजिन रखडत चालवणे हे पिंगिंगचे फार मोठे कारण आहे आणि त्यावरचा उपाय फुकट आहे.

सीएनजीची सोय असलेल्या गाडीत याहून सोपी चाचणी करता येते. सीएनजीचा ऑक्टेन अंक, म्हणजे नॉकिंग रोखण्याच्या क्षमतेचे माप, पेट्रोलपेक्षा बराच अधिक, १२० च्या वर असतो. तोच चढ, तोच गिअर, तीच गती ठेवून एकदा पेट्रोलवर आणि एकदा सीएनजीवर गाडी चालवावी. सीएनजीवर किणकिण पूर्ण नाहीशी झाली तर ती नॉकिंगच होती असे मानायला हरकत नाही. दोन्ही इंधनांवर सारखीच राहिली तर आवाज यांत्रिक आहे. नॉकिंग ठरल्यावर कूलंटची पातळी, स्पार्क प्लगचा प्रकार, ज्वलनकक्षात साचलेला कार्बन, ईजीआर व्हॉल्व्ह (एक्झॉस्टचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारी झडप) आणि नॉक सेन्सर (नॉकिंग ओळखणारा) या क्रमाने पाहावे. नॉक सेन्सर बिघडला असेल तर स्कॅनरवर बहुधा पी-०३२५ हा कोड मिळतो. हल्ली प्रत्येक दुखण्याचे खापर पेट्रोलमधील इथेनॉलवर फोडण्याची पद्धत पडली आहे, पण इथेनॉलची नॉकिंग रोखण्याची क्षमता पेट्रोलपेक्षा अधिक असते, त्यामुळे किणकिणीच्या बाबतीत पहिला संशय त्याच्यावर घेणे सयुक्तिक नाही.

आतले संशयित

बाहेरचे भाग आणि नॉकिंग ही दोन्ही प्रकरणे निकाली निघाल्यावरच इंजिनाच्या आत ऐकावे. लांब स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानामागच्या हाडाला टेकवावी आणि टोक एकेका जागी ठेवून आवाजाची तुलना करावी : व्हॉल्व्ह कव्हर, टायमिंग चेनचे कव्हर, ब्लॉकचा मधला भाग आणि शक्य असेल तर खालचे ऑइल चेंबर. एका जागचा आवाज ऐकून निष्कर्ष काढू नये, कारण सर्वच जागी काही ना काही ऐकू येते. कोणत्या जागी तो सर्वांत तीक्ष्ण आहे एवढेच ठरवायचे असते. फिरणारा पट्टा आणि पंखा यांपासून स्क्रू ड्रायव्हर लांब ठेवावा.

व्हॉल्व्ह कव्हरवर निम्म्या गतीची, हलकी आणि आरपीएमबरोबर वाढणारी टिकटिक सर्वांत तीक्ष्ण असेल तर ‘टॅपेट वाजत आहेत’. ज्या इंजिनांत टॅपेटची फट हाताने जुळवता येते तेथे फीलर गेजने (फट मोजण्याच्या पातळ पात्यांनी) ती मोजून माहितीपुस्तिकेतील आकड्याप्रमाणे बसवावी. हायड्रॉलिक (ऑइलच्या दाबाने फट आपोआप भरून काढणारे) टॅपेट असतील तर जुने, काळे पडलेले ऑइल बदलून काही दिवस वाट पाहावी. वाजणारा टॅपेट कानाला त्रास देतो, पण गाडी गॅरेजपर्यंत नेण्यात धोका नाही. वास्तविक अति घट्ट झालेली, म्हणून न वाजणारी फटच व्हॉल्व्ह जाळते.

चेनच्या कव्हरवर खरखर सर्वाधिक असेल आणि स्कॅनरवर क्रँक व कॅम यांचा मेळ बसत नसल्याचा पी-००१६ हा कोड दिसत असेल, तर चेन ताणली गेली आहे असे समजावे. ‘चेन आयुष्यभर टिकते, पट्टा बदलावा लागतो’ हा समज वेळेवर ऑइल बदलणाऱ्या मालकांपुरताच खरा आहे. चेन दातांवरून निसटली तर अनेक इंजिनांत पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आपटतात, त्यामुळे हे काम पुढच्या सर्व्हिसिंगवर ढकलू नये.

राहता राहिला खालून येणारा जड, खोल ठोका. कनेक्टिंग रॉडचे (पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणाऱ्या दांड्याचे) बिग एंड, म्हणजे क्रँकशाफ्टकडचे बेअरिंग झिजले की गरम इंजिनावर, विशेषतः रेस देऊन सोडताना, ठकठक येते आणि लोड वाढला की ती वाढते. खात्रीसाठी मेस्त्री एकेक सिलिंडर बंद करून पाहतो. ज्या सिलिंडरचे ज्वलन थांबवल्यावर ठोका मंदावतो किंवा बदलतो, त्याचे बेअरिंग संशयित असते. आधुनिक पेट्रोल गाडीत हे करताना इग्निशन कॉइल काढण्याऐवजी इंजेक्टरचा कनेक्टर काढावा, अन्यथा न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तेथे दुसरे नुकसान करते. कॉमन रेल डिझेल इंजिनात इंधनाचा पाइप ढिला करून सिलिंडर बंद करण्याची जुनी पद्धत कोणालाही वापरू देऊ नये. त्या पाइपांतील दाब हजार बारच्या पुढे जातो आणि बाहेर पडणारी बारीक धार कातडी भेदून आत शिरते.

यानंतर दोन पुरावे मागावेत. पहिला, ऑइलच्या दाबाचे यांत्रिक गेज लावून गरम इंजिनावर स्लोला आणि वाढीव आरपीएमला घेतलेले माप. दुसरा, काढलेले ऑइल आणि उभा कापून उघडलेला जुना फिल्टर. ऑइलमध्ये चमकणारे कण असतील तर त्यांच्यावरून लोहचुंबक फिरवावा. चुंबकाला चिकटणारे कण पोलादाचे, म्हणजे चेन, कॅम किंवा गिअरचे असतात. न चिकटणारे तांबूस किंवा रुपेरी कण बेअरिंगच्या थराचे असण्याची दाट शक्यता असते. हा तपास अवघ्या काही मिनिटांचा आहे, आणि ‘इंजिन खोलावे लागेल’ या वाक्यामागे त्याच्याइतका ठोस आधार दुसरा नाही. जाड ऑइल किंवा बाटलीतले एखादे औषध घालून ठोका दबवण्याचा सल्ला मिळाला तर तो नाकारावा. ०डब्ल्यू-२० या पातळ ऑइलसाठी बनवलेल्या इंजिनात २०डब्ल्यू-५० हे जाड ऑइल घातल्याने आवाज काही दिवस दबतो, झीज चालूच राहते आणि गाडी विकणाऱ्याखेरीज कोणाचाही फायदा होत नाही. जुनी गाडी घेताना थंड आणि गरम अशा दोन्ही अवस्थांत इंजिन ऐकावे, ते याचसाठी.

साचलेल्या पाण्यातून गाडी गेल्यावर सुरू झालेल्या आवाजाचे कारण वेगळे असते. हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये पाणी शिरले तर पाणी दबत नसल्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो. सप्टेंबर २०१९ मध्ये पुण्यातील आंबील ओढ्याला आलेल्या पुरासारख्या प्रसंगी बुडालेली गाडी पाणी ओसरल्यावर स्टार्ट करून पाहण्याचा मोह आवरावा, कारण त्या एका स्टार्टने इंजिन जाते आणि विम्याच्या दाव्यातही वाद उभा राहतो.

गॅरेजमध्ये काय सांगावे

आवाज हमखास गॅरेजच्या दारात शिरताच थांबतो, म्हणून मुद्रण सोबत असावे आणि गाडी आदल्या रात्री तेथे ठेवून पहिला स्टार्ट सकाळी मेस्त्रीसमोर करावा. ‘इंजिन खडखडते आहे’ असे मोघम सांगण्याऐवजी ‘थंड असताना तीन सेकंद, ऑइल पातळी बरोबर, एसी आणि क्लचने फरक पडत नाही, गतिरोधकावर गाडी घासल्यानंतर सुरू झाले’ अशा शब्दांत सांगावे. सुचवलेल्या प्रत्येक कामामागे कोणती चाचणी आहे ते विचारावे, खर्चाचा लेखी अंदाज घ्यावा आणि बदललेले जुने भाग परत मागावेत. गाडी वॉरंटीत असेल तर स्वतः काहीही न उघडता अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये तक्रार जॉब कार्डवर नोंदवून घ्यावी. तोंडी सांगितलेली तक्रार मुदत संपल्यावर उपयोगाची राहत नाही.

हीट शील्ड, पट्टा, टॅपेट किंवा क्लच बेअरिंग यांचा आवाज असताना गाडी सावकाश चालवत नेता येते. चेनची खरखर सतत येत असेल, बेअरिंगचा ठोका असेल किंवा ऑइलचा दिवा लागत असेल, तर गाडी चालवत नेऊ नये आणि ती टोइंगनेच पाठवावी. गाडी ऑटोमॅटिक असेल तर टोइंगवाल्याला तसे आधी सांगून सपाट ट्रक मागवावा, कारण चालवणारी चाके जमिनीवर फिरवत ओढून नेल्यास ज्या गिअरबॉक्समध्ये काहीही दोष नव्हता तो नव्याने बिघडतो.